डोंगराखालचा चेहरा

पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘चांदी. चेहरा गेलेला. दर्जा : गुड.’

नाणी जमवणाऱ्यांच्या बोलीत ‘गुड’ म्हणजे चांगलं नव्हे. उतरंडीत वरून खाली येताना अनसर्क्युलेटेड, एक्स्ट्रा फाइन, व्हेरी फाइन, फाइन अशा पायऱ्या लागतात आणि त्यांच्याही बऱ्याच खाली ‘गुड’ येतं. कुणाचं नाणं आहे एवढं जेमतेम ओळखू यावं, बाकी सगळं झिजून गेलेलं असावं, ते ‘गुड’. असं नाणं आपण अल्बममध्ये लावत नाही, डब्यात टाकतो. माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. एका प्रदर्शनात पाच नाण्यांची पुडी घेतली होती, त्यातली चार बरी निघाली. पाचवं त्या डब्यात गेलं आणि सहा वर्षं तिथेच राहिलं.

या छंदात पडून मला तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. आजीच्या देवघरात लक्ष्मीपूजनाचा एक चांदवडी रुपया होता. तो लख्ख दिसावा म्हणून मी चिंच आणि रांगोळीने घासला. आजी खूश झाली. पुढे आमच्या संग्राहक मंडळातल्या सरांनी तो हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दीडदोनशे वर्षांनी चढवलेला रंग होता रे यावर. तू पाच मिनिटांत उतरवलास.” त्या दिवसापासून मी नाणं कडेने धरायला शिकलो. पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, पुसायचं नाही, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवायचं नाही, कारण त्या प्लास्टिकमधून हिरवा चिकट थर नाण्यावर चढतो. आणि दर्जा ठरवताना नाण्यावरचा सगळ्यात उंच भाग आधी बघायचा : गाल, भुवईवरचे केस, नाकाचा शेंडा. झीज पहिल्यांदा तिथेच होते.

दर्जा ठरवण्याची मला गोडी लागली. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी केली. सत्तर गुणांचं नाणं एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं, असा त्यामागचा हिशोब होता. पुढे बाजारभाव त्या हिशोबात राहिले नाहीत, पण मोजपट्टी राहिली. 1986-87 पासून तिथल्या कंपन्या नाणं तपासून, गुण देऊन पारदर्शक डबीत सीलबंद करू लागल्या आणि आज आपल्याकडचे संग्राहकही त्याच गुणांत बोलतात. मीही बोलत होतो. ज्यावर चेहरा नीट दिसतो ते नाणं चांगलं, एवढं माझं सरळ गणित होतं.

ते गणित एका पावसाळी रात्री चुकलं.

वीज गेली होती. मी डबा आवरायला घेतला होता, म्हणून टेबलावर टॉर्च आडवा ठेवून काम चालू ठेवलं. त्या आडव्या उजेडात ‘चेहरा गेलेलं’ नाणं समोर आलं. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याच्याखाली नदीसारखी नागमोडी रेघ. दुसऱ्या बाजूला अधिकाची खूण आणि तिच्या चार टोकांना चार वर्तुळं. हे चिन्ह ‘उज्जैन चिन्ह’ म्हणून ओळखलं जातं. म्हणजे नाणं सातवाहनांचं, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. पण वरून पडणाऱ्या दिव्यात जे नुसते ओरखडे वाटत होते, ते तिरक्या उजेडात सावल्या टाकू लागले. डोंगराच्या उजव्या उतारातून एक टोकदार काहीतरी बाहेर आलेलं होतं. कडेला दोनतीन अक्षरं होती. ती ब्राह्मी नव्हती. त्यातलं एक रोमन ‘एन’सारखं, दुसरं ‘ए’सारखं दिसत होतं.

सातवाहनांच्या नाण्यावर अशी अक्षरं कुठून येणार? बनावट माल गळ्यात मारला गेला, असंच मला पहिल्यांदा वाटलं. छोट्या काट्यावर वजन केलं. दोन ग्रॅमच्या किंचित वर भरलं. झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांकडे गेलो. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं बोटांच्या चिमटीत हळूहळू फिरवत नेलं. एका जागी थांबले.

“डोंगर सरळ दिसतोय ना? आता तो सरळ धरू नकोस. असा फिरव. डोंगर विसर आणि डोंगराखाली काय दबलंय ते बघ.”

मी बघितलं. जे टोकदार काहीतरी होतं ते नाक होतं. त्याच्या मागे गालाची गोलाई होती आणि डोंगराच्या दोन कमानींच्या फटीतून एक डोळा दिसत होता. उजवीकडे तोंड केलेला माणूस. कडेची अक्षरं त्याच्या डोक्याभोवती गेली होती, आणि ती ग्रीक होती.

“हा शक राजा नहपान,” सर म्हणाले. “आणि त्याच्या तोंडावर डोंगर ठोकणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. चेहरा गेलेला म्हणून लिहिलंस ना पाकिटावर? तो गेला नाही. कुणीतरी घालवायचा प्रयत्न केलाय. जोगळटेंभीचं वाचलंयस का?”

जोगळटेंभी हे नाव नाशिककरांना परकं नाही. नाशिकहून गोदावरीच्या काठाने पूर्वेला गेलं की दारणा गोदावरीला मिळते, त्या संगमावरचं हे सिन्नर तालुक्यातलं गाव. 1906 साली इथे जमिनीतून चांदीच्या नाण्यांचा प्रचंड निधी बाहेर आला. मोजदाद झाली ती 13,250 नाण्यांची. एकेक नाणं दोन ग्रॅमच्या आसपास धरलं, तरी पंचवीस किलोच्या वर चांदी.

गुप्तधनाच्या गोष्टी आपल्याकडे गावोगावी आहेत. हंडा सापडतो, सोनाराकडे जातो, वितळतो, आणि त्यावर कुणाचं नाव होतं ते कुणालाच कळत नाही. जोगळटेंभीचा निधी मात्र अभ्यासकांच्या टेबलापर्यंत पोचला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट या नाण्यांच्या जाणकार मिशनऱ्याने तो तपासला आणि आपला अहवाल रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला. त्याआधी नहपानाची नाणी इतकी दुर्मीळ होती की माहीत असलेली बोटांवर मोजता आली असती. आता एकदम हजारो समोर होती.

स्कॉटने काय केलं असेल ते कुणाही संग्राहकाला डोळ्यांपुढे आणता येईल. आपणही डबा पालथा घातला की तेच करतो. ढीग लावायचे. एकसारखं दिसणारं एका बाजूला, वेगळं दिसणारं दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगात नहपानाची मूळ, स्वच्छ नाणी. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक लिपीतला लेख. मागच्या बाजूला बाण आणि वज्र, आणि भोवती तोच मजकूर ब्राह्मीत आणि खरोष्ठीत : ‘राञो क्षहरातस नहपानस’, म्हणजे क्षहरात कुळातल्या राजा नहपानाचं. एक राजा, एक भाषा आणि तीन लिप्या, आणि हे सगळं करंगळीच्या नखापेक्षा थोड्याशाच मोठ्या चांदीच्या चकतीवर.

दुसऱ्या ढिगात माझ्या डब्यातल्यासारखी, ‘बिघडलेली’ नाणी. नहपानाच्याच नाण्यांवर डोंगर आणि उज्जैन चिन्ह यांचे ठसे पुन्हा मारलेले आणि डोंगराभोवती नवा लेख : ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’. ही 9,270 भरली. म्हणजे दहातली सात. उरलेली 3,980 नाणी ठसा न बसलेली होती.

आणि तिसरा ढीग नव्हताच. मध्ये दुसऱ्या कुठल्या राजाचं नाणं नाही, नंतरच्या कुणाचं नाही. स्वच्छ नाणी ही नाणकशास्त्राची मोठी मिळकत होती यात शंका नाही. पण इतिहासाचा एक अडलेला प्रश्न सोडवला तो बिघडलेल्या ढिगाने.

तो प्रश्न नाशिकच्याच पांडवलेण्यांत, भिंतीवर कोरलेला होता.

सरांनी मला म्हणूनच पुढच्या रविवारी लेणी चढायला लावली. पांडवलेणी मी लहानपणापासून शंभरदा चढलो असेन. सहलीला, भेळ खायला, वरून नाशिक बघायला. त्या दिवशी पहिल्यांदा मी भिंत वाचायला गेलो, आणि तीसुद्धा हातात भाषांतराचे कागद घेऊन.

दहाव्या क्रमांकाचं लेणं नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. व्हरांड्याच्या भिंतीवर त्याच्या दानांचे लेख आहेत. त्यातल्या एकात तो 3,000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धनाच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवतो. हे गोवर्धन म्हणजे आजच्या गंगापूरजवळचं गाव. एका श्रेणीकडे 2,000, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे 1,000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. मी कागदाच्या मागे गणित मांडलं. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापणही इकडचा तिकडे नाही. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशोब माझ्या बॉलपेनने जुळला तेव्हा अंगावर काटा आला. याच लेखात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण असा दरही दिलेला आहे. चांदीचं नाणं आणि कार्षापण एकच धरलं, तर जोगळटेंभीच्या निधीतून अकराशे भिक्षूंना वर्षभराचं वस्त्र मिळालं असतं.

ही चांदी खेळत होती ती व्यापारामुळे. त्या काळातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात भडोच बंदराचं वर्णन आहे. रोमन सोन्या-चांदीची नाणी तिथल्या चलनात बदलली तर फायदा होतो, असं तो नोंदवतो. तिथल्या ज्या राजाचं नाव तो देतो, तो नहपान असावा असं अभ्यासक मानतात. नाण्यावर ग्रीक अक्षरं आली ती मात्र त्याआधीच्या इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांच्या वळणावरून.

दहाव्या लेण्यातून तिसऱ्या लेण्यात आलो की राज्य बदललेलं असतं. इथे गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तो कोरलेला आहे. तिने मुलाचं वर्णन केलंय : शक, यवन, पल्हव यांचा संहार करणारा, खखरात वंश समूळ उखडणारा, सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं असा. खखरात म्हणजेच क्षहरात, नहपानाचं कुळ. शेजारीच गौतमीपुत्राची स्वतःची आज्ञा आहे, त्याच्या अठराव्या वर्षाची. गोवर्धनातल्या अमात्याला तो कळवतो की आजवर उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनं शेत आता या भिक्षूंना द्यावं.

भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनी हे लेख एकोणिसाव्या शतकातच वाचले होते. जुनागढमध्ये जन्मलेल्या, मुंबईत भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झालेल्या या माणसाने जन्मभर नाणी जमवली आणि मरताना आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमच्या नावे केला. पण 1888 मध्ये ते गेले तेव्हा एक गाठ सुटायची होती. बलश्री वंश उखडल्याचं सांगते, राजाचं नाव सांगत नाही. तिच्या मुलाने हरवला तो खुद्द नहपान, की त्याच्या पश्चात गादीवर आलेला कुणी वारस? नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यात एक पिढी गेली असेल, तर दख्खनच्या त्या काळाचा सगळा कालक्रम सरकतो.

भिंत इथे थांबते. अठरा वर्षांनी दारणेच्या काठची माती पुढचं सांगते. गौतमीपुत्राच्या हाती जे चलन पडलं ते सगळं नहपानाच्या नावाचं होतं. मध्ये कुणी वारस राज्य करून गेला असता, तर तेरा हजार नाण्यांत त्याची निदान चार तरी नाणी असती. एकही नाही.

हे लगेच सगळ्यांना पटलं असं नाही. चांदीचं नाणं राजा मेल्यावरही बाजारात फिरतच राहतं, तेव्हा जुनं चलन पुन्हा ठोकलं म्हणून दोन राजे समकालीन कसे ठरतात, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला. आक्षेप रास्त होता. पण उषवदाताच्या शेताची आज्ञा आणि नाण्यांचा निधी शेजारी ठेवून पाहिले की दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. आज बहुतेक इतिहासकार गौतमीपुत्राने खुद्द नहपानाला हरवलं असंच मानतात.

उतरताना मी सरांना विचारलं, “वितळवून नवी नाणी का नाही पाडली त्याने?”

“घाई,” ते म्हणाले. “वितळवायला कोळसा लागतो, वेळ लागतो, थोडी चांदी हातची जाते. तापवून ठसा मारला की झालं. बाजार थांबत नाही.” दोन पायऱ्या उतरून ते थांबले. “आणि नवं कोरं नाणं पाडलं असतं, तर लोकांना कसं कळलं असतं कुणावर कोण बसलाय ते?”

त्यांच्या या दुसऱ्या कारणाला पुरावा नाही. ते त्यांनाही ठाऊक होतं. पण गोवर्धनाच्या बाजारात बसलेला विणकर माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याला तिन्ही लिप्या वाचता येत नसतील. त्याला एवढंच दिसलं असेल की काल ज्याचा चेहरा हातात होता, त्याच्या गालावर आज डोंगर उभा आहे. नाण्याचं वजन तेच, चांदी तीच, धनी बदलला. राज्य बदलल्याची बातमी त्याच्या तळहातावर आली.

त्यानंतर मी दर्जा ठरवणं सोडलं नाही. तो शिस्तीचा भाग आहे, आणि शिस्त नसेल तर संग्रह म्हणजे नुसता साठा. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत गेलं की कळतं, वजन, व्यास, ठशाची दिशा, सापडल्याची जागा यांतली एकेक नोंद किती मोलाची असते. मात्र कशाला दर्जा म्हणायचं, ते मी नव्याने शिकलो. प्राचीन नाण्यांना ती 70 गुणांची पट्टी लावत नाहीत. तिथे ठसा कसा बसला याला पाचपैकी गुण, पृष्ठभाग कसा राहिला याला पाचपैकी गुण असा वेगळा विचार होतो. तोही पुरा पडत नाही. एका नाण्यावर दोन राजांचे ठसे असतील तर गुण कुणाच्या ठशाला द्यायचे? डोंगर ठळक उमटला तर चेहरा पुसला जातो, चेहरा टिकला तर डोंगर कच्चा बसलेला असतो. बाजारात पहिला प्रकार सुबक दिसतो. पण माझ्या नाण्याचा ठसा जरा कच्चा बसला होता, म्हणूनच फटीतून तो डोळा उरला.

स्कॉटने केलेलं एक निरीक्षण मला वारंवार आठवतं. हजारो नाण्यांवरचे चेहरे एकाच माणसाचे वाटत नाहीत, असं त्याला दिसलं. कुणी तरुण, कुणी म्हातारा, कुणाचं नाक सरळ, कुणाचं बाकदार. नाव मात्र सगळीकडे नहपानाचंच. घराण्यातल्या निरनिराळ्या माणसांचे हे चेहरे असावेत, असा त्याने तर्क केला. तो तर्क पुढे सर्वांनी मानला असं नाही, पण त्यामागची नजर मला मोठी वाटते. तेराहजारावं नाणं हातात घेतानाही ‘हे आधीसारखंच’ म्हणून त्याने ते ढिगात टाकलं नाही. नाक बघितलं.

मी सहा वर्षं त्या एका नाण्याचंही नाक बघितलं नव्हतं.

त्या रविवारी घरी येऊन डबा पुन्हा उघडला. नवीन पाकीट घ्यावं, जुनं फाडून टाकावं, असा पहिला विचार आला. मग ते जुनंच पाकीट टेबलावर सपाट केलं. ‘चेहरा गेलेला’ हे शब्द खोडले नाहीत. त्यांच्यावरूनच काळ्या शाईने, जरा जोर देऊन लिहिलं : ‘चेहरा आहे. डोंगराखाली.’

खालचं अक्षर अजून वाचता येतं.